माणूस कोसळला, भिंतीवर एईडी आहे, आता नेमकं काय करायचं?

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एईडी मशीन, म्हणजे कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, लागून दोन वर्षं झाली होती. छान काचेचं कपाट, वर हिरवा बोर्ड, आणि कपाटाला कुलूप, कारण मशीन महाग आहे, कोणी उचलून नेलं तर काय. किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये, मॅनेजर येणार दहाला आणि बॅडमिंटनची बॅच सकाळी सहाची. ही गोष्ट कमिटीतल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती, मीही कमिटीत होतो, माझ्याही नाही. मग एके दिवशी डबल्स चालू असताना एक काका सर्व्हिस करायला उभे राहिले आणि हातातलं शटल न सोडताच तोंडावर कोसळले.

बी विंगमधली एक मुलगी कॉलेजात सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकलेली होती, तिनं धावत येऊन छाती दाबायला सुरुवात केली. इकडे दोघं जण कुलपाशी झटापट करतायत, कोणी मॅनेजरला फोन लावतंय, शेवटी आग विझवायच्या सिलिंडरनं काच फोडली, मशीन आलं, एक शॉक बसला आणि काका वाचले. पण त्या कुलपापायी गेलेला वेळ मी नंतर सीसीटीव्हीवर मोजला, तीन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढा वेळ ती पोरगी एकटी छाती दाबत होती म्हणून काका आज आहेत. त्यानंतर मी रीतसर ट्रेनिंग घेतलं आणि आता सोसायट्यांमध्ये, गणेश मंडळांमध्ये जाऊन शिकवतो, आणि सगळीकडे एकच दिसतं की मशीन वापरणं अवघड नाहीये, वेळ जातो तो मशीन हातात येईपर्यंत, आणि मग मशीन बोलायला लागलं की सगळे छातीवरचे हात काढून त्याच्याकडे बघत बसतात त्यात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

शॉक नक्की करतो काय

हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एकच नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते, माणसाच्या छातीत दुखतं, घाम फुटतो, पण तो सहसा शुद्धीवर असतो, बोलतो. अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच बंद पडतं आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण दुसऱ्या कारणांनीही होतो, तरुणांनाही होतो.

अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसात बऱ्याचदा हृदय पूर्ण थांबलेलं नसतं, ते नुसतं थरथरत असतं, विजेचे संदेश वेडेवाकडे धावत असतात आणि रक्त पुढे जात नाही. याला व्हीएफ म्हणतात. शॉक काय करतो तर हा सगळा गोंधळ एका क्षणात गप्प करतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ठोका परत सुरू व्हायला जागा मिळते. सिनेमात सरळ रेष आल्यावर शॉक देतात ना, ते चूक आहे, सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नसतो आणि एईडी तो देतही नाही. मशीन स्वतः रिदम, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय, बघतं आणि गरज असेल तरच चार्ज होतं. त्यामुळे 'चुकून शॉक बसला तर' ही भीती मनातून काढून टाका, तुम्ही बटन दाबलंत तरी गरज नसेल तर मशीन शॉक सोडणार नाही.

आता वेळेचं. काहीच केलं नाही तर जगायची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेत लास वेगासच्या कॅसिनोंमधल्या सिक्युरिटी गार्डना एईडी शिकवलं होतं, त्याचा अभ्यास २००० साली छापून आला. लोकांसमोर कोसळलेल्या आणि व्हीएफ असलेल्या माणसांपैकी ज्यांना ३ मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यातले ७४ टक्के वाचले, ३ मिनिटांनंतर मिळाला त्यांच्यातले ४९ टक्के. हे गार्ड होते, डॉक्टर नव्हते. आपल्याकडे १०८ ची अँब्युलन्स कितीही जीव तोडून आली तरी सकाळच्या ट्रॅफिकमध्ये ३ मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर पोचू शकत नाही, त्यामुळे ती पहिली मिनिटं तिथे उभ्या असलेल्या माणसाचीच आहेत.

ओळखायचं कसं, दहा सेकंदांत

आधी जागा बघा. करंट लागून पडला असेल तर हात लावायच्या आधी मेन स्विच बंद. रस्त्यात असेल तर गाड्या थांबवा. मग दोन्ही खांदे धरून हलवा, जोरात हाक मारा. काही प्रतिसाद नाही? पाठीवर झोपवा, छातीकडे बघा, श्वास नीट चालू आहे का. दहा सेकंदांपेक्षा जास्त बघू नका. नाडी शोधत बसू नका, त्या धावपळीत सराव नसलेल्याला ती सापडत नाही आणि कधी कधी स्वतःच्याच बोटांचे ठोके जाणवतात.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते ती गॅस्पिंगची. अरेस्ट झालेला माणूस सुरुवातीला अधूनमधून एखादा आचका देतो, घुर्र असा घोरल्यासारखा आवाज येतो, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसं तोंड उघडतं. आमचे काकाही तसंच करत होते आणि एक जण म्हणत होता, श्वास चालू आहे, थांबा थांबा. तो श्वास नसतो. दुसरी फसगत, पडल्यावर काही सेकंद हातपाय झटके देऊ शकतात, मग लोक म्हणतात फिट आली, कांदा आणा, चप्पल हुंगवा. झटके थांबल्यावरही माणूस हलत नसेल आणि श्वास नीट नसेल तर अरेस्टच समजायचं.

आणि हे करू नका: तोंडात पाणी घालणं, तळपाय चोळणं, उठवून बसवणं, बेशुद्ध माणसाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) ठेवणं. शेवटचं तर घरोघरी होतं आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी केलं. त्यात मिनिट जातं, आणि तोंडात टाकलेली गोष्ट श्वासनलिकेत जायची भीती. जोरजोरात खोकल्यानं हार्ट अटॅक थांबतो असा जो मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो त्यावरही विसंबू नका.

'कोणीतरी फोन करा' असं कधीच म्हणू नका

कोणीतरी म्हणजे कोणीच नाही. बोट दाखवून, शर्टाच्या रंगानं, नावानं काम वाटा. 'दादा तुम्ही, निळा टी-शर्ट, १०८ ला लावा आणि स्पीकरवर ठेवा.' 'ताई तुम्ही एईडी घेऊन या, क्लबहाउसच्या दारापाशी आहे.' 'वॉचमन काका, दोन्ही गेट उघडा आणि एक लिफ्ट खाली धरून ठेवा.' १०८ लागत नसेल तर ११२. फोनवर सांगायचं ते एवढंच: माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाहीये, आम्ही सीपीआर चालू केलाय, पत्ता अमुक, जवळची खूण तमुक. 'चक्कर आली' असं सांगू नका, तिथे ऐकणाऱ्याला वेगळंच वाटतं.

एकटेच असाल तर फोन स्पीकरवर लावून जमिनीवर ठेवा आणि छाती दाबायला लागा. एईडी अगदी डोळ्यांसमोर असेल, चार पावलांवर, तर घेऊन या. दुसऱ्या बिल्डिंगमध्ये असेल तर माणसाला सोडून जाऊ नका, आरडाओरडा करून कोणाला तरी पाठवा.

छाती दाबणं

माणूस पलंगावर किंवा सोफ्यावर असेल तर खाली घ्या, गादीवर सगळा जोर गादीत जातो. छातीच्या मधोमध जे हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदे बरोबर वर आणि अंगाचं वजन टाकून दाबायचं. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे सेकंदाला जवळपास दोन, मोठ्यांदा एक-दोन-एक-दोन मोजत राहा. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्या, लोक दमले की रेलून राहतात आणि छाती वर येतच नाही, मग हृदयात रक्त भरणार कुठून.

बरगडी कडकन वाजू शकते. घाबरायला होतं, मला पहिल्यांदा ट्रेनरनं सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला होता. पण तरी थांबायचं नाही, तुटलेली बरगडी जुळते. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमला नसाल तरी बदला, कारण आपल्याला कळायच्या आधीच दाब कमी झालेला असतो. तोंडातून श्वास द्यायचं ट्रेनिंग असेल तर ३० दाब आणि २ श्वास, नसेल किंवा मन होत नसेल तर नुसते दाब चालू ठेवा. बुडालेला माणूस आणि लहान मूल हे अपवाद, तिथे श्वासाला फार महत्त्व आहे, त्यामुळे पावसाळ्यात धबधब्यावर, समुद्रावर जाणाऱ्यांनी तरी श्वास द्यायचं शिकून घ्याच.

मशीन आलं

पहिलं काम: ऑन करा. काही मशीनमध्ये झाकण उघडलं की आपोआप चालू होतं, काहींमध्ये हिरवं बटन असतं. माहितीपत्रक वाचत बसू नका, चालू झालं की ते स्वतःच बोलायला लागतं. आणि एक जण मशीन लावतोय तोवर दुसऱ्यानं छाती दाबणं थांबवायचं नाही, दाबणाऱ्याच्या हातांच्या बाजूनं पॅड, म्हणजे मशीनला वायरनं जोडलेल्या चिकट पट्ट्या, लावता येतात.

छाती उघडी करा. मशीनच्या पिशवीत सहसा कात्री असते, शर्ट सरळ कापा, बटनं सोडवत बसू नका. पॅडच्या पाकिटावर चित्र असतं. एक पॅड उजव्या खांद्याकडे, गळ्याच्या हाडाच्या खाली. दुसरा डाव्या काखेच्या खाली, बरगड्यांच्या बाजूला. हा दुसरा पॅड बहुतेक जण फार पुढे, निपलच्या जवळ लावतात, मी शिकवताना दहातल्या आठांचा हात तिथेच जातो. करंट हृदयातून आरपार जायला हवा म्हणून तो बाजूला, काखेच्या रेषेत हवा. मागचं प्लॅस्टिक सोलून पॅड मधून कडेकडे चेपत लावा, खाली हवा राहता कामा नये. वायरचं टोक आधीच जोडलेलं नसेल तर लुकलुकणाऱ्या दिव्याजवळच्या खाचेत घाला.

मग मशीन रिदम बघायला लागेल. फक्त आता हात काढायचे, आणि कोणीच शिवायचं नाही, पाय धरून बसलेल्या मुलानंही नाही. शॉक हवा असेल तर मशीन चार्ज होईल. 'सगळे लांब' असं ओरडा, डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवा आणि लुकलुकणारं बटन दाबा. पूर्ण ऑटोमॅटिक मॉडेल असेल तर बटन नसतं, ते स्वतःच शॉक देतं, त्यामुळे आपल्याकडचं कुठलं आहे हे आजच बघून ठेवा. शॉक बसला की अंग एकदम आकसतं. लगेच, त्याच क्षणी, छाती दाबायला सुरुवात. नाडी बघायची नाही, 'उठला का' बघायचं नाही. ठोका परत आला असला तरी हृदय पहिली काही मिनिटं नीट पंप करत नसतं. दोन मिनिटांनी मशीन पुन्हा स्वतःच तपासेल.

मशीन इंग्रजीत बोलतं, त्याचं काय

ही अडचण कोणी बोलत नाही. आपल्याकडची बरीच मशीन इंग्रजीत बोलतात आणि पहाटे सहाला तिथे असतो वॉचमन, माळी, सफाईवाल्या मावशी. भाषा बदलायची सोय आहे का हे विकत घेतानाच विचारा. नसेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरात हे लिहून लॅमिनेट करून कपाटात चिकटवा:

'अप्लाय पॅड्स' म्हणजे उघड्या छातीवर पॅड चिकटवा.
'अनालायझिंग, डू नॉट टच' म्हणजे हात काढा, कोणी शिवू नका.
'शॉक अ‍ॅडव्हाइज्ड, स्टँड क्लिअर' म्हणजे शॉक द्यायचाय, सगळे लांब, मग लुकलुकणारं बटन दाबा.
'नो शॉक अ‍ॅडव्हाइज्ड' म्हणजे आत्ता शॉक नको, छाती दाबायला लागा.
'चेक पॅड्स' म्हणजे पॅड नीट चिकटले नाहीत, परत चेपा.

यातलं चौथं वाक्य सगळ्यात जास्त गोंधळ करतं. 'नो शॉक' ऐकलं की अर्ध्या लोकांना वाटतं माणूस बरा झाला आणि अर्ध्यांना वाटतं गेला. दोन्ही चूक. त्याचा अर्थ एवढाच की आत्ताच्या रिदमला शॉकनं फरक पडणार नाही. तो माणूस हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल तर सीपीआर चालू, पॅड तसेच, मशीन चालूच. पुढच्या तपासणीत शॉक लागूही शकतो.

कोसळलेली बाई असेल तर

हे मुद्दाम वेगळं लिहितोय. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो हे बाहेरच्या अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि आपल्याकडे काय होत असेल याचा अंदाज प्रत्येकानं आपल्या मनाशी करावा. ट्रेनिंगला पुरुष मला हळू आवाजात विचारतात, 'सर, ब्लाउज कापायचा?' हो, कापायचा. पदर बाजूला, ब्लाउज पुढून मधोमध कापा, ब्रा पॅडच्या जागेत येत असेल तर तीही कापा, डावा पॅड स्तनाच्या खालून बाजूला, कातडीवर. मंगळसूत्र, चेन तोडत बसू नका, बाजूला सरकवा, फक्त पॅडच्या खाली यायला नको. आजूबाजूच्या बायकांना ओढण्या, चादर, काही मिळेल ते धरून पेशंटकडे पाठ करून गोल उभं राहायला सांगा. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्टियन एरिक्सन मॅच चालू असताना कोसळला तेव्हा डेन्मार्कच्या खेळाडूंनी हेच केलं होतं, बाहेर तोंड करून कडं केलं आणि आत डॉक्टरांनी एईडीनं शॉक दिला, तो वाचला आणि पुढे परत फुटबॉल खेळला. मोबाइल वर काढून शूटिंग करणाऱ्यांनाही त्या कड्याच्या बाहेर ठेवा.

गरोदर बाईला एईडी लावायला काही हरकत नाही, लावायचाच. आई वाचली तर बाळ वाचेल. पोट मोठं दिसत असेल तर कोणीतरी दोन्ही हातांनी पोट तिच्या डाव्या बाजूला सरकवून धरावं.

बाकीच्या अडचणी

अंग ओलं असेल, घाम असेल तर छाती खसाखस पुसा. पाण्याच्या डबक्यात पडला असेल तर बाजूला ओढा, नुसती ओली फरशी असेल तर छाती कोरडी असणं महत्त्वाचं. छातीवर दाट केस असतील तर पॅड आधी घट्ट चेपून बघा, 'चेक पॅड्स' आलंच तर पिशवीतल्या रेझरनं तेवढीच जागा भरकन साफ करा. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, थोडा बाजूला. औषधाचा चिकटवलेला पॅच असेल तर काढून पुसा. जवळ ऑक्सिजन चालू असेल तर शॉकच्या वेळी लांब न्या.

८ वर्षांपेक्षा लहान किंवा २५ किलोपेक्षा कमी वजनाचं मूल असेल तर मशीनमध्ये मुलांचे पॅड किंवा मुलांचं बटन आहे का बघा, असेल तर ते वापरा. नसेल तर मोठ्यांचेच पॅड लावा, थांबू नका. छाती लहान आहे, पॅड एकमेकांना लागतायत, तर एक छातीच्या मध्ये आणि एक पाठीवर. दाबायची खोली छातीच्या एक तृतीयांश.

पोलिसांची भीती बऱ्याच जणांना असते. एवढं माहीत असू द्या की बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, त्याची संमती घेता येत नसताना, चांगल्या हेतूनं केलेल्या मदतीला कायद्यात संरक्षण आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम ९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०.

माणूस हलला, किंवा अँब्युलन्स आली

नीट श्वास घ्यायला लागला, हात हलवायला लागला तर दाबणं थांबवा, कुशीवर वळवा, पण पॅड काढू नका आणि मशीन बंद करू नका, परत अरेस्ट होऊ शकतो. अँब्युलन्सवाल्यांना तीन गोष्टी सांगा: किती वाजता कोसळला, सीपीआर कधी सुरू झाला, शॉक किती दिले. हे कोणीतरी हातावर पेनानं लिहून ठेवावं, नंतर काही आठवत नाही. मशीनमध्ये रेकॉर्ड राहतं, डॉक्टरांना ते हवं असू शकतं.

आज, आत्ता तपासायच्या गोष्टी

तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, जिममध्ये मशीन असेल तर जाऊन बघा. हिरवा दिवा किंवा खूण आहे का? लाल असेल, टिकटिक आवाज येत असेल तर बॅटरी किंवा पॅडचा प्रॉब्लेम आहे. पॅडच्या पाकिटावरची तारीख वाचा, आतली जेल वाळते आणि मग पॅड चिकटत नाही, एका जिममध्ये मला तारीख उलटून दीड वर्ष झालेले पॅड सापडले आणि तिथल्या कोणालाच पत्ता नव्हता. कोकणातल्या दमट हवेत, उन्हात तापणाऱ्या गाडीत मशीन ठेवू नका. मग सगळ्यात लांबच्या फ्लॅटपासून कोणाला तरी पळवा, मशीन घेऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर लावा, लिफ्टची वाट बघण्यासकट. तीन मिनिटांच्या वर गेलं तर मशीनची जागा चुकलीय.

आमच्याकडे कुलूप त्याच दिवशी निघालं. आता दार नुसतं ओढलं की उघडतं आणि मोठ्यांदा अलार्म वाजतो, चोरीची भीती असणाऱ्यांना तेवढं पुरतं. आतल्या बाजूला मराठी कागद चिकटवलाय. दर महिन्याच्या एक तारखेला दिवा बघून रजिस्टरमध्ये सही करायचं काम काकांनी स्वतःहून मागून घेतलंय, आणि सप्टेंबरमध्ये पॅडची तारीख संपतेय, आत्ताच ऑर्डर टाका, हे गेल्या मीटिंगमध्ये त्यांनीच सांगितलं.